बैलाच्या पोटातलं घर

आमच्या गावात एक घर होतं. त्यात शिरायचं तर बैलाच्या पुढच्या दोन पायांमधून वर चढावं लागायचं. पुढं वर्ध्याला बी.एड.च्या कॉलेजात मी हे सांगितलं तेव्हा वर्गातल्या मुलींना वाटलं, मी कोडं घालतेय. कोडं नव्हतं, घरच होतं. चार पायांवर उभा सिमेंटचा बैल, शिंगं पार कडुलिंबाच्या शेंड्याला लागलेली, आणि पोटात चूल, रांजण, खाट, कपडे टांगायची खुंटी.

ते बांधणारा माणूस आमच्या समोरच राहायचा. मी त्याला मामा म्हणायचे, कारण तो माझ्या मायच्या माहेरगावचा. रक्ताचं नातं काही नाही. मायनं कधीतरी राखी बांधली होती, तेवढ्या जोरावर तो हक्कानं आमच्याकडे जेवायचा आणि भाजीला नावं ठेवायचा.

मामा नालबंद होता. बैलाला दोरानं खाली पाडायचं, पाय बांधायचे आणि खुरांना लोखंडी नाल ठोकायचे, हा त्याचा धंदा. पुलगावच्या बाजारापासून आमच्या शिवारापर्यंतचे बैल त्याला बघून मान फिरवायचे. शाळा त्यानं बाहेरून पाहिली होती. गवंड्याच्या हाताखाली एक दिवससुद्धा राबला नव्हता. आणि मी आमच्या घराण्यात बी.ए. झालेली पहिली. बायांमध्ये पहिली असं नव्हे, बाप्ये धरूनही पहिली. हे मी कुठंही गेले तरी सांगते. मायनं माझ्या फीसाठी लोकांच्या वावरात कापूस वेचलेला आहे, तेव्हा लाजून सांगायचं काही कारण मला दिसत नाही.

तर घराची गोष्ट. सत्तरच्या दशकातला एक पावसाळा. मामाच्या जुन्या घराची भिंत बसली. पऱ्हाटीच्या काड्यांचा कूड आणि वरून मातीचं लिंपण, तेव्हा आमच्याकडे निम्म्या गावाच्या भिंती अशाच असायच्या. मामी भाकर थापत होती आणि भिंत येऊन तिच्या परातीत बसली. मामीनं लुगडं झटकलं, गाठोडं बांधलं आणि आंजीला माहेरी निघून गेली. जाताना मामाला एवढंच म्हणाली, "पक्कं घर बांधशीन तवा निरोप धाडजो. तवर मले तोंड नको दाखवजो."

त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात बोलायला मामाला मामी आणि मामीला मामा. ती गेली तशी मामाची भाजीला नावं ठेवायची सवय सुटली. समोर येईल ते मुकाट खायचा. माय म्हणाली, "याचं काही खरं नाई आता."

मग एका संध्याकाळी जेवता जेवता तो बाबांना म्हणाला, "भाऊजी, मी घर बांधून राह्यलो. बैलासारखं."

"म्हंजे मजबूत?" बाबांनी विचारलं.

"म्हंजे बैलासारखं. चार पाय, शिंगं, शेपूट."

बाबांचा घास हातातच राहिला. "काऊन बे?"

"घर कसं अस्ते ते मले मालूम नाई. बैल कसा अस्ते ते मालूम आहे. आन् पावसानं भिंतीवानी कोसळलेला बैल पाह्यला काय तुमी आजपावतर?"

बाबा सरळ मनाचे. थोडा विचार करून म्हणाले, "नाई पाह्यला."

आमच्या घरी एवढ्यावर प्रश्न मिटला.

सिमेंट तेव्हा परमिटावर मिळायचं, म्हणजे मिळायचं नाही. मामा पाय दगडचुन्यात बांधणार, पोट बांबूच्या कमच्या वाकवून त्यावर पऱ्हाटी आणि शेणमाती चढवून करणार, आणि सिमेंट जसं हाती लागेल तसं वरून कातडीसारखं फासणार, असं ठरलं. सगळ्यात आधी त्यानं काय केलं असेल तर पायाच्या खड्ड्यांमध्ये चार मोठे नाल ठोकून ठेवले. लोहाराकडून मुद्दाम करून आणलेले, एकेक नाल परातीएवढा.

"हे कोनाले दिसनार आहे, साळेबुवा?" बाबा खड्ड्यात वाकून म्हणाले.

"दिसाले नाई ठोकले. बिना नालेचा बैल घसरते."

नकाशा वगैरे काही नव्हता. मामाजवळ एक पांढरा बैल होता, तोच नकाशा. रोज सकाळी तो त्याला बांधकामाच्या बाजूला उभा करायचा आणि सुतळीनं मापं घ्यायचा. बैलाची एक वीत म्हणजे घराचा एक बांबू. मानेची सुतळी, पाठीची सुतळी, वशिंडाची सुतळी, सगळ्या खुंटीला टांगून ठेवायचा. पण बैल म्हणजे काही वाण्याच्या दुकानातला फोटो नव्हे. तो जागेवर उभा राहीना. डाव्या पायाचं माप घेताना त्यानं पाय उचलला, म्हणून घराचा डावा पाय जरा आखूड झाला, आणि पुढं आयुष्यभर त्या घरात चेंडू ठेवला की डावीकडे जायचा.

डोक्याचं माप घेताना तर याहून मोठा घोटाळा झाला. आमच्या गोठ्यात म्हैस होती. माय तिच्यासाठी घमेल्यात सरकी भिजत घालायची आणि ते घमेलं आमच्या दाराशी असायचं. मामाच्या बैलाला सरकीचा वास यायचा. मामा सुतळी घेऊन वाकला की बैलाची मान आमच्या अंगणाकडे वळलीच म्हणून समजा. मामा त्याची मान सरळ करायचा, बैल पुन्हा वळवायचा. शेवटी मामा म्हणाला, "याले तिकडंच पाह्याचं आहे तं पाहू दे." आणि घराची मान तशीच बांधली. सगळा बैल पूर्वेकडे उभा, डोकं मात्र गल्ली ओलांडून थेट आमच्या अंगणाकडे वळलेलं.

माय म्हणाली, "दादा, तुझं घर माह्या सरकीवर टपलं रे."

पुढचा वाद दाराचा. बैलाला दार कुठं काढायचं, यावर मामा पूर्ण उन्हाळा विचार करत होता. तोंडात काढलं तर माणूस गिळल्यासारखं दिसतं. बाबा म्हणाले, "कुठंही काढ, पन मांगून काढू नको. पावन्यारावन्यात मान खाली जाईन." अखेर छातीत काढलं, पुढच्या दोन पायांच्या मधे, आणि तिथवर दगडी पायऱ्या. चुलीचा धूर मानेच्या आतून नळानं नेऊन नाकपुड्यांतून काढला. हे त्याला स्वतःला इतकं आवडलं होतं की नाकपुड्या त्यानं दोनदा मोडून पुन्हा केल्या.

पाठीवर झूल. आमच्या गावाला एक कासार यायचा. त्याच्याकडच्या फुटक्या बांगड्या मामानं वर्षभर गोळा केल्या होत्या. हिरव्या, लाल, निळ्या, आणि त्या काचांची झूल त्यानं ओल्या सिमेंटात बसवली. मधे मधे भिंतीला आरपार भोकं ठेवून तिथंही काचा लावल्या. मी आत जाऊन पाहिलं तेव्हा सकाळ होती. सगळ्या जमिनीवर रंगांचे ठिपके पडले होते आणि मधोमध मामा गुडघ्यावर हात ठेवून बसला होता, रंगपंचमी खेळून आल्यासारखा. त्यानं विचारलं, "येईन ना वो तुही मामी?"

मी म्हटलं, "येईन ना. काऊन नाई येनार?"

त्यानं आंजीला निरोप धाडला. बाजाराला जाणाऱ्या एका बाईनं मामीचं उत्तर आणलं, आणि ते गल्लीत सगळ्यांसमोर, जसंच्या तसं, मामीच्या आवाजात सांगितलं: "जनावराच्या पोटात राहाले मी काय जंत आहो?"

गाव हसलं. मामा हसला नाही. एकटाच बैलाच्या पोटात राहायला गेला आणि जेवायला आमच्याकडे येत राहिला. चूल त्यानं पेटवली नाही. म्हणाला, पहिल्यांदा मामीच पेटवेल.

मग श्रावण लागला.

आमच्या गावाला महादेवाचं देऊळ आहे, पण ते नदीकडे. श्रावण सोमवारी बाया तिकडून पूजा करून येताना मामाच्या घराच्या मागून यायच्या. मागं जुनी गढी होती, म्हणजे मातीचा उंच ढिगारा, आणि पायवाट तिच्यावरून. एका सोमवारी एक म्हातारी बाई तांब्या घेऊन तिथं थांबली. समोर एवढा मोठा बैल. नंदी दिसला की त्याच्या दोन शिंगांमधून पाहायचं, समोर महादेवाची पिंड दिसते, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. म्हातारीचे डोळे सवयीनं शिंगांच्या मधे गेले. शिंगांच्या मधून, मान वळलेली असल्यामुळे, आमचं अंगण. अंगणात न्हाणीचा दगड. दगडावर माझे बाबा आंघोळीला बसलेले.

बाबांना पूर्ण टक्कल होतं. काळंभोर, गुळगुळीत, तेल लावलेलं. त्यांनी तांब्याभर गार पाणी डोक्यावर ओतलं आणि गारठा लागला म्हणून रोजच्यासारखे ओरडले, "हर हर म्हादेव."

म्हातारीनं तिथंच हात जोडले. खाली उतरून उरलेलं पाणी बैलाच्या खुरावर ओतलं, कुंकू लावलं आणि घरोघरी सांगत गेली.

पुढच्या सोमवारी गढीवर उभं राहायला जागा नव्हती. बाबा नेहमीसारखे पंचा नेसून अंगणात आले, तांब्या उचलला, आणि वर पाहिलं तर बायांची रांग, हातात बेलपत्र. ते तांब्या घेऊन घरात पळाले. माय पोट धरून बसली.

"हसू नको. अर्धं गाव पाहून राह्यलं मले."

"मंग पाहू द्या की. माह्याकडं तं म्हैससुदीक पाह्यत नाई."

"मी आज आंघोळ करत नाई."

"म्हादेव पारोसे राह्यले तं गावात पानी नाई पडनार," माय म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यावर पुन्हा हसत सुटली.

आता नंदी आणि पिंड यांच्या मधून कोणी जात नाही, हीही रीत. म्हणजे आमच्या गल्लीतून जाणं बंद. बैलगाड्या लांबून फिरून जायला लागल्या. आमच्या म्हशीचं दूध न्यायला येणारा गवळी मागच्या दारानं यायला लागला. आमच्या उंबऱ्यावर कोणी तरी नारळ ठेवून गेलं, तो मायनं चटणीत घातला. मामा मात्र घाबरला. लोक त्याच्या पायऱ्यांवर चपला काढून आत शिरत होते आणि त्याच्या खाटेला नमस्कार करून जात होते.

भजनी मंडळाचे म्हातारे एक दिवस गंभीर चेहऱ्यानं आले. त्यांचे बोलके पुढारी मामाला म्हणाले, "तू पुण्यवान मानूस आहेस गड्या. पन देवाच्या पोटात खाट टाकून झोपते, हे बरं नाई दिसत. शेवटच्या सोमवारी आपन इथं पिंड बसवून देऊ. तुझी सोय देवळाच्या पडवीत होईन."

"मी बैल बांधला," मामा म्हणाला. "नंदी नाई बांधला."

"तू काय बांधलं ते तुले काय मालूम?"

"माह्या बायकोसाठी बांधला."

"ते तं येत नाई म्हंते."

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. "पोरी, तू बी.ए. झालीस. पुस्तकात काय लिहिलं आहे, घर कोनाले म्हनावं?"

माझा विषय राज्यशास्त्र होता. तिथं घराबद्दल काही नव्हतं. पण विचारलं आहे तर उत्तर द्यायचं, ही माझी सवय. मी म्हटलं, "ज्याच्यात बाई चूल पेटवते, ते घर."

"मंग पेटवा," पुढारी म्हणाले. "शेवटच्या सोमवारपावतर पेटली तं घर. नाई तं देऊळ."

मी दुसऱ्याच दिवशी एस.टी.नं आंजीला गेले.

मामी ओट्यावर बसून तुरी पाखडत होती. मी पदवीधर, म्हणून मी मुद्देसूद बोलले. दगडाचा पाया, चुन्याची मजबुती, धुराची सोय, मामाचा जीव. मामीनं सूप थांबवलं नाही.

"बैल आहे ना पन?"

"बैल आहे."

"मंग झालं."

मी चहा प्यायले, उठले. निघता निघता सहज म्हटलं, "तसंही आता तुमी नका येऊ मामी. सोमवारी तिथं देव बसवून राह्यले. बाया रोज आत जाऊन झाडतात, सारवतात. ते कोपऱ्यावरची, मोठ्या कुंकवाची, ते तं म्हने आतमंधी लय थंड लागते, मले दिलं अस्तं तं मी राह्यली अस्ती."

सूप थांबलं.

"कोनाच्या घरात देव बसवून राह्यले?"

"तुमच्याच."

"मले न विचारता?"

"तुमी तं नाई म्हनलं ना."

"मी घरवाल्याले नाई म्हनलं. गावाले नाई म्हनलं," मामी म्हणाली आणि आत जाऊन गाठोडं बांधायला लागली. मग दारातून डोकं काढून म्हणाली, "ते मोठ्या कुंकवाची खाटेवर बसली काय?"

मी म्हटलं, "पाह्यलं नाई." खरंच पाहिलं नव्हतं.

मामीनं तुरी मात्र आधी पूर्ण पाखडल्या, त्यामुळे आम्ही शेवटच्या सोमवारी सकाळीच गावात उतरलो. सडकेवरून येईस्तोवर पावसाची सर आली आणि दोघी चिंब भिजलो. गढीवर गाव जमलं होतं. टाळ वाजत होते. पिंड गाडीत आणून ठेवली होती. अंगणात बाबा दगडावर बसलेले. आंघोळ चुकवायची नाही म्हणून मायनं त्यांना दटावून बसवलं होतं. आणि पायऱ्यांशी मामा उभा, ज्या बैलाला पाडून नाल ठोकायचे आहेत त्यासारखा.

मामी गल्लीत शिरली. वरून ओरडा झाला, "मधून नका जाऊ बाई, मधून नका जाऊ." मामी मधूनच गेली. जाता जाता बाबांकडे पाहून पदर सावरला आणि म्हणाली, "भाऊजी, आटपा आता, सरदी होईन." मामाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. पायऱ्या चढली आणि बैलाच्या छातीत गडप झाली.

टाळ बंद पडले. सगळे वाट पाहत उभे. आतून भांडी सरकवल्याचा आवाज आला, मग काही पडल्याचा, मग मामीचं बोलणं, ते लांबून कळत नव्हतं पण आशीर्वाद नव्हते एवढं कळत होतं. आणि मग बैलाच्या दोन्ही नाकपुड्यांतून धूर आला.

मामानं गल्लीत येऊन धूर पाहिला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. चूल पेटली होती. पण गढीवरून काय दिसलं, तर नंदीनं फुत्कार टाकला. पुढाऱ्यांनी डोळे मिटले. "जागृत आहे," ते म्हणाले. बाया रडायला लागल्या. आरती सुरू झाली. मामा खालून सांगत होता, "नळ आहे वो तो, नळ," पण आरतीत कोण ऐकतं.

मी मनात म्हटलं, गेलं घर.

तेवढ्यात मानेजवळची खिडकी उघडली आणि मामीचं अर्धं अंग बाहेर आलं. अंगावर मामाचं धोतर गुंडाळलेलं, खांद्यावर पिळलेले कपडे. तिनं शिंगांचा अंदाज घेतला. मग आपलं भिजलेलं लुगडं एका शिंगापासून दुसऱ्या शिंगापर्यंत ताणून बांधलं. ते जरा कमी पडलं, म्हणून उरलेल्या जागेत मामाच्या चड्ड्या वाळत घातल्या. निळ्या पट्ट्यांच्या, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा धुतलेल्या.

आरती अडखळली. मागं उभ्या असलेल्या एका म्हातारीनं विचारलं, "दिसते काय वो?"

"नाई दिसत आता," पुढची म्हणाली.

"म्हादेव नाई दिसत?"

"नाई."

"मंग काय दिसते?"

पुढचीनं नीट पाहून घेतलं. "नालबंदाची चड्डी दिसते."

मग पुढाऱ्यांनी टाळ पिशवीत घातले आणि म्हणाले, "शेपटाचं काम मात्र बारीक केलं आहे गड्यानं." लोक उतरून आपापल्या घरी गेले. पिंड गाडीतून नदीकडच्या देवळात नेऊन ठेवली. गाडी आमच्या गल्लीतून, अगदी मधून गेली.

मामी त्या घरात राहिली ती राहिलीच. कुरकुर रोजची. रंगीत काचांमुळे भाकर हिरवी दिसते, भाजलेली का कच्ची कळत नाही. चूल डावीकडे कलते. पण पोळ्याला, त्याच आठवड्यात, तिनं खिडकीतून वाकून दोन्ही शिंगांना बेगड लावली, आणि खाली मामा पांढऱ्या बैलाच्या शिंगांना लावत होता. दोघांचं काम एकाच वेळी चाललं होतं आणि दोघंही एकमेकांना "वाकडं झालं" म्हणत होते. संध्याकाळी मामा आमच्याकडे आला तो ताटावर बसला नाही. पुरणपोळी नुसती चाखून म्हणाला, "बाई, गूळ कमी पडला." माय खूश झाली.

त्याच्या पुढच्या सोमवारची गोष्ट. बाबा आंघोळीला अंगणात आले. जुना पंचा सोडून त्यांनी काठाचा नवा नेसला होता. दगडावर बसले, तांब्या भरला आणि एकदा गढीकडे पाहिलं. गढीवर एक शेळी चरत होती. शिंगांवर मामीचं लुगडं वाळत होतं.

बाबांनी पाणी ओतून घेतलं, पण ओरडले नाहीत.

मायनं आतून विचारलं, "काऊन वो? पानी गरम आहे काय आज?"

"तसं नाई," बाबा म्हणाले. "आज कोनीच नाई आलं."